चाळीस हजारांची रेल्वे

४ जानेवारी १९९९, सोमवार

काकासाहेबांच्या बियाण्याच्या दुकानातून यंदाही डायरी आली. दरसाली ती घरात पडून राहते आणि होळीपर्यंत तिची पानं फाटून डब्यांखाली जातात. यंदा मीच ठेवून घेतली. बाहेर बोलता येत नाही ते कुठंतरी लिहून ठेवलेलं बरं.

काल काकासाहेबांनी दुकानावर बोलावलं होतं. जालन्यात छोटी रेल्वे आणायची म्हणून त्यांनी कृती समिती काढली आहे. दोन डब्यांची, विजेवर चालणारी गाडी, रस्त्याच्या कडेनं रूळ. स्टेशनापासून निघायचं, नदी ओलांडायची, जुना-नवा दोन्ही जालना घेत थेट एमआयडीसीपर्यंत जायचं. त्रिलोक नावाची कंपनी सगळं करून देणार म्हणते. रंगीत नकाशा भिंतीवर लावलेला होता. काकासाहेब म्हणाले, औरंगाबादला न्हाई ते आपल्याकडं यिऊन राह्यलंय, समितीत एसटीचा एक माणूस पाहिजे, तुम्ही या.

मी हो म्हणालो. काकासाहेबांना नाही म्हणणं जमत नाही, आणि माणूस खोटाही नाही. मागल्या दुष्काळात त्यांनी स्वतःच्या विहिरीचं पाणी सहा महिने लोकांना दिलं.

नकाशाखाली लिहिलं होतं, रोजचे प्रवासी चाळीस हजार. मी ते दोनदा वाचलं आणि चहा प्यालो.

१० जानेवारी, रविवार

सुट्टी. ते चाळीस हजार डोक्यातून जात नाहीत.

मी बावीस वर्षं कंडक्टर आहे. त्यातली नऊ वर्षं एमआयडीसीच्या शिफ्टच्या गाडीवर काढली, बाकीची जाफराबाद लाईनवर. माणसं मोजणं हा माझा धंदा, पण धंदा नसता तरी मी मोजलं असतं. जुन्या-नव्या जालन्याच्या मधल्या पुलावर उभा राहिलो की रिक्षा, टांगे, सायकली आपोआप मोजल्या जातात. कुणाला सांगत नाही. सांगून काय होतं ते मला सातवीतच कळलं.

आमच्या गावी, धावड्याच्या शाळेत मास्तरांनी फळ्यावर हौदाचं गणित मांडलं होतं, ते चुकलं. मी उठून सांगितलं. मास्तरांनी छडी तुटेपर्यंत मारलं. घरी गेलो तर वडिलांनी, रखमाजींनी, पुन्हा मारलं. म्हणाले, तुला शाळेत शिकाया धाडलं का मास्तरला शिकवाया. दुसऱ्या दिवसापासून गावात मी 'बालिष्टर' झालो. विहिरीवर बाया म्हणायच्या, बालिष्टर आला, पाणी मोजून घ्या. मॅट्रिक होईपर्यंत ते नाव सुटलं नाही. जालन्याला आलो, एसटीत लागलो, आणि तोंड मिटून राहायला शिकलो. इथं मला कुणी बालिष्टर म्हणत नाही. सुखात आहे.

१८ जानेवारी, सोमवार

आमची नंदा आठवडाभर पुलावर जाऊन बसली होती, हे मला आज कळलं. तिचं खरं नाव बेबीनंदा, पण घरात नंदाच. औरंगाबादहून संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून आली, आता घरी शिकवण्या घेते. नकाशाची गोष्ट मी जेवताना बोललो होतो, तेवढंच. हिनं सकाळी सहा ते रात्री नऊ अशा पाळ्या लावल्या, अर्धा दिवस आपण बसायची, अर्धा दिवस मैत्रिणीला बसवायची. भाडं देऊन जाणारी सगळी माणसं मोजली.

तिनं विचारलं, "बाबा, तुमच्या अंदाजानं किती असतील?"

मी म्हणालो, सात हजार. लग्नसराईत आठ.

तिनं वही पुढं केली. सहा हजार नऊशे साठ. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. लई दिवसांनी असं हसलो. मग मला भान आलं. मी म्हणालो, हे कुणापुढं बोलायचं नाही. तुझं लग्न जमवायचंय.

ती म्हणाली, बरं.

२४ जानेवारी, रविवार

घनसावंगीची मंडळी पाहायला येऊन गेली. मुलगा साखर कारखान्यात क्लार्क आहे, घरी ऊस आहे, माणसं चांगली वाटली. मुलाच्या चुलत्यानं विचारलं, इतकं शिकवून काय करायचं ठरवलंय. मी म्हणालो, शिकली म्हणून काय झालं, घरकाम सगळं येतं. नंदाची आई गिरिजा तेव्हा पोह्यांच्या बशा उचलत होती. एक बशी तिनं जरा जोरात ठेवली. दमली असेल, पहाटेपासून राबत होती.

मुलाची आई जाताना म्हणाली, पोरगी कमी बोलती ते बरंय, आमच्याकडं शहाणपण चालत न्हाई. मी मान हलवली.

नंदानं पाहुणे गेल्यावर शिकवणीच्या मुलांना हौदाची गणितं दिली. आठवडा-पंधरवड्यात कळवतो म्हणाले आहेत. जमेल असं वाटतं.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आज गाडी राजूरला थांबली तेव्हा ड्रायव्हर बदरोद्दीन चहा प्यायला उतरला नाही. आम्ही अकरा वर्षं एका गाडीवर आहोत, असं कधी झालं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, काल कंपनीची माणसं वस्तीत आल्ती, चुन्यानं लाईन मारून, खांब रोवून गेली. नदीकाठी त्यांची दीडशे घरं आहेत. लाईन त्याच्या स्वयंपाकघरातून जाते.

"अम्मा इचारती, चूल कुठं मांडू, लाइनीच्या ह्या बाजूला का त्या," तो म्हणाला. त्याची आई अकबरबी सत्तरीच्या पुढं आहे.

मी म्हणालो, अजून कशात काही नाही. तो म्हणाला, "तुम्ही समितीत हाय ना भुजंगभाऊ. तुम्ही बघून राह्यले असाल." मी हो म्हणालो. मग तिकिटं द्यायला उठलो.

८ फेब्रुवारी, सोमवार

गिरिजा सकाळी एकटीच घनसावंगीला गेली, तिकडं तिची मामेबहीण आजारी आहे म्हणाली. संध्याकाळच्या जीपनं परत आली. मी विचारलं, बहीण कशी आहे. म्हणाली, बिलकुल ठणठणीत. आली तेव्हा खुशीत होती आणि नंदाजवळ बसून बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. बायकांचं बोलणं. मला बरं वाटलं, सोयरिकीच्या गावाची ओढ लागली म्हणायची.

१३ फेब्रुवारी, शनिवार

उद्या मंगल कार्यालयात सभा आहे. कंपनीचे इंजिनिअर येणार. समितीतल्या सगळ्यांनी निवेदनावर सह्या करायच्या, मग ते मुंबईला जाणार. मी नंदाला पुन्हा बजावलं की सभेला यायचं असेल तर ये, पण तोंड उघडायचं नाही. घनसावंगीच्या चुलत्याची काकासाहेबांकडं ऊठबस आहे, तो सभेला असणार. तिनं वचन दिलं. जिभेवर बोट ठेवून दाखवलं, लहानपणी दाखवायची तसं.

मी तिच्या भल्याचंच बघतो आहे. तरी झोप येत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते सगळं लिहितो.

कार्यालय भरलं होतं, पाचशेच्या वर माणूस. (पाचशे तीस.) इंजिनिअरनं पडद्यावर चित्रं दाखवली, टाळ्या पडल्या. काकासाहेब बोलले, ते मनापासून बोलतात, त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांच्या लहानपणी या गावाला कुणी गावही म्हणत नव्हतं, ते सांगत होते. मलाही क्षणभर वाटलं, येऊ दे की रेल्वे.

मग सह्या. एकेकाचं नाव पुकारत होते. मी खिशातला पेन काढायला हात घातला तर त्याबरोबर एक कागद आला, घडी केलेला. नंदाच्या अक्षरात सात दिवसांचे सात आकडे आणि खाली सरासरी. माझ्या खिशात तो कसा आला कुणास ठाऊक. कपडे घडी करताना गिरिजाच्या हातून गेला असावा.

टेबलाजवळ गेलो. निवेदनावर माझं नाव छापलं होतं, एस.टी. प्रतिनिधी, आणि वर लिहिलं होतं की शहरात दररोज चाळीस हजार प्रवासी असल्याचं आम्ही खाली सह्या करणारे प्रमाणित करतो. पलीकडं भिंतीशी बदरोद्दीन उभा होता. बायकांच्या बाजूला नंदा खाली मान घालून बसली होती. ती अशी मान घालून बसलेली मी याआधी पाहिली नव्हती. मला कळलं, ही मान मी घालायला लावली आहे. धावड्याच्या शाळेत दुसऱ्या दिवशी मी अशीच घातली होती.

मी पेन टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "हे चाळीस हजार न्हाईत. सात हजार हायेत."

माईक जवळच होता, सगळीकडं ऐकू गेलं.

इंजिनिअरनं विचारलं, कशावरून. मी म्हणालो, मोजलेत. कुणी मोजले? मी नंदाचं नाव घेतलं नाही. म्हणालो, मी मोजले. नऊ वर्षं शिफ्टच्या गाडीवर व्हतो. सकाळी दोन तास आन् संध्याकाळी दोन तास माणूस असतो, मधल्या वेळात तुमची गाडी मोकळी पळंल. तेवढ्यासाठी दीडशे घरं पाडायची का, हे बी लिहा कागदावर.

मग मागून कुणीतरी म्हणालं, तिकिटं फाडता फाडता विंजनेर झाला. तिथून हशा सुरू झाला तो थांबेना. कुणी म्हणालं, शिकल्याली पोरगी घरात हाय ना, तिनं भरवलं असंल. काकासाहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "भुजंगराव, बसा." मी बसलो नाही, बाहेर आलो. सही केली नाही.

घनसावंगीचा चुलता पहिल्या रांगेत होता. मी माझ्या हातानं मुलीची सोयरीक मोडली.

१५ फेब्रुवारी, सोमवार

डेपोत शिरलो तर रोजनाम्याच्या खिडकीतून आवाज आला, या बालिष्टर. धावड्याचा एक मेकॅनिक आहे, त्यानं जुनं नाव काढून दिलं. दिवसभर तेच. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस मी, कान तापले.

राजूरला बदरोद्दीन स्वतः जाऊन माझा चहा घेऊन आला.

१७ फेब्रुवारी, बुधवार

घनसावंगीहून पत्र आलं. मुलगी उच्चशिक्षित व स्वतंत्र विचारांची असल्यामुळे आणि लग्नानंतरही नोकरी करणार असल्याचे कळल्यामुळे आमच्याकडे जमणार नाही, क्षमस्व. नोकरीचं त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. मी तर तसं काही बोललो नव्हतो. सभेच्या रागात काहीतरी कारण लिहायचं म्हणून लिहिलं असेल.

पत्रावर तारीख दहा फेब्रुवारी आहे. सभा चौदाला झाली. मी गिरिजाला म्हणालो, इतकी मोठी माणसं, साधी तारीख बराबर लिहिता येत नाही. ती म्हणाली, गडबडीत चुकले असतील, आणि कांदा चिरायला बसली. भजी केली. मला वाटलं होतं आता हिचं बोलणं खावं लागणार, पण ती एका शब्दानं रागावली नाही. माझा जीव भांड्यात पडला. नंदानं तर चार भजी जास्त खाल्ली. मुलगी समजूतदार आहे, दुःख दाखवत नाही.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

डेपो मॅनेजरांकडून लेखी आलं. माझ्याविरुद्ध अर्ज गेला आहे की सेवेत असताना मी जाहीर सभेत विकासाच्या कामाला विरोध केला. एक मार्चला खुलासा घेऊन हजर राहायचं. निलंबन होऊ शकतं, असं युनियनवाले म्हणाले. वर हेही म्हणाले की तुला गरज काय होती.

गरज काय होती हे मलाही सांगता येईना. तरी एक गोष्ट खरी लिहितो. सभेपासून मला रोज झोप लागते.

२२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी साडेसातला गाडी पुलावरून जात होती. कडेला लोखंडी खुर्ची टाकून काकासाहेब बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर वही. त्यांच्या दुकानातली दोन माणसं पलीकडच्या अंगाला उभी. मी बदरोद्दीनला म्हणालो, हळू घे. त्यानं घेतली. काकासाहेबांनी आमच्या गाडीकडं पाहिलं, ओठ हलवले आणि वहीत रेघ मारली.

मला खोटं पाडायला बसलेत. बसू दे. पण नंदाचं कुठं चुकलं असलं तर?

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आजही बसले होते. डोक्यावर ओला पंचा होता.

२४ फेब्रुवारी, बुधवार

आजही. संध्याकाळी परत येताना पाहिलं, खुर्चीवरून उठून उभ्यानं मोजत होते. साठीचा माणूस, दुकान सोडून.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ड्युटीवर निघायच्या आधी काकासाहेब घरी आले. एकटेच, चालत. गिरिजानं सतरंजी टाकली. त्यांनी पाणी घेतलं आणि म्हणाले, "तुमचं चुकलं भुजंगराव."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"तुम्ही सात हजार म्हन्ले. सात हजार तीनशे नव्वद निघाले."

मला वाटलं अजून काही बोलतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सांगू लागले. पहिल्या दिवशी वाटलं आज माणूसच कमी बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन ते चार या वेळात पाऊण तास पुलावरून एकसुद्धा भरलेली रिक्षा गेली नाही, तेव्हा वही मिटायचं मनात आलं, पण मिटली नाही. कंपनीला त्यांनी रात्री फोन लावला आणि विचारलं की तुम्ही कधी मोजलं होतं. तिकडून उत्तर आलं की आम्ही लोकसंख्येवरून काढतो.

"त्यांचा दोष न्हाई," काकासाहेब म्हणाले. "मला चाळीस ऐकायचं व्हतं. मंग मी चाळीसच ऐकलं. तुम्ही सात म्हन्ले तर तुमचा राग आला."

मी म्हणालो, मोजलं मी नव्हतं. माझ्या पोरीनं मोजलं होतं.

त्यांनी नंदाला बोलावलं. ती वही घेऊन आली. सतरंजीवर त्यांच्या समोर बसून तिनं सगळं समजावून दिलं. गर्दी कोणत्या तासाला, कोणत्या दिशेला, शिफ्ट सुटताना किती आणि शाळा सुटताना किती. एसटीच्या सहा गाड्या नेमक्या वेळेला सोडल्या तर रेल्वे लागत नाही, आणि घरंही पाडावी लागत नाहीत. पंचवीस वर्षांनी माणसं वाढली तर रेल्वेचा विचार पुन्हा करावा, तेव्हा ती लागेलही. काकासाहेब मधेमधे विचारत होते आणि उत्तर पटलं की मान हलवत होते. मी दारात उभा होतो. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

शेवटी ते म्हणाले, "एवढं माहीत व्हतं तर सभेत बोलली का न्हाई बाई तू?"

नंदानं माझ्याकडं पाहिलं नाही. "बाबांनी बोलू नको म्हणलं होतं."

मी म्हणालो, "माझी चूक झाली."

हे वाक्य मी याआधी घरात कधी बोललो नव्हतो. गिरिजा आतून बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली. ड्युटीला वीस मिनिटं उशीर झाला.

१ मार्च, सोमवार

डेपो मॅनेजरांपुढं उभा राहिलो. खुलासा नंदानं लिहून दिला होता, पण साहेबांनी तो वाचला नाही. त्यांच्या टेबलावर काकासाहेबांचं पत्र होतं. समितीनं रेल्वेची मागणी मागं घेतली आहे आणि एसटीनं शहरात वेळेवर सहा गाड्या सोडाव्यात अशी विनंती केली आहे, सोबत आकडे जोडले आहेत. साहेब म्हणाले, अर्ज निकालात काढतो. मग विचारलं, हे तक्ते कोणी केले. मी सांगितलं. ते म्हणाले, अन् तुम्हाला यातलं किती कळतं? मी तोंड उघडलं आणि पाऊण तास बोलत होतो. त्यांनी मधे दोनदा चहा मागवला.

वेळापत्रकाच्या टेबलावर एक जागा आहे म्हणाले. मे महिन्यापासून.

बाहेर आल्यावर पायरीवर बसलो. मेकॅनिक जवळ आला, विचारलं काय झालं बालिष्टर. मी म्हणालो, सुटलो. त्या नावाचं आज काही वाटलं नाही.

२० मार्च, शनिवार

बदरोद्दीनच्या घरी जेवायला गेलो होतो, आम्ही तिघंही. परवा कंपनीची माणसं आपले खांब उपटून घेऊन गेली. अकबरबीनं चुन्याची रेघ शेणानं सारवून काढली आहे आणि चूल बराबर त्याच जागेवर आहे. तिनं नंदाला जवळ बसवून घेतलं, हात हातात धरून ठेवला आणि जेवण होईपर्यंत सोडलाच नाही. नंदा डाव्या हातानं जेवत होती.

परत येताना गिरिजा म्हणाली, आता पुढचं स्थळ येईल त्याला आधीच सगळं सांगून टाकायचं. मी म्हणालो, खरंय, मागच्या वेळी तसंच करायला पाहिजे होतं. ती का हसली ते कळलं नाही. नंदाही हसत होती.

२८ एप्रिल, बुधवार

जाफराबाद लाईनवरचा माझा शेवटचा आठवडा. आज नंदा माझ्या गाडीत होती, तिथल्या कॉलेजात तासिकेवर शिकवण्याच्या जागेसाठी मुलाखत होती. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसली. शेजारी पुष्पाबाई, आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन जाणाऱ्या. त्यांनी मला विचारलं, हे लेकरू कोन हाय.

नेहमी मी म्हणालो असतो, आमचीच आहे, शिकली थोडी. आज भरल्या गाडीत मोठ्यानं म्हणालो, माझी मुलगी आहे, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली, कॉलेजात शिकवायला चालली आहे. मागच्या बाकावरचे दोघं वळून बघू लागले. संख्याशास्त्र म्हणजे काय, असं एकानं विचारलं. मी सांगायला लागलो. सांगता सांगता किती वेळ गेला कळलं नाही. बदरोद्दीननं गाडी बाजूला घेतली आणि मान वळवून म्हणाला, "भुजंगभाऊ, तिकिटं राहिली."

सगळे हसले, मीही हसलो. तिकिटं देत मागं गेलो आणि परत पुढं आलो, तेव्हा पुष्पाबाई नंदाकडं सरकून बसल्या होत्या. त्यांच्या सुनेला बारावीला गणितात शंभरपैकी ब्याण्णव मार्क होते आणि चार वर्षं झाली ती घरात बसून आहे. तिला पुढं शिकता येईल का, फॉर्म कुठं मिळतो, कधी भरायचा, हे त्या विचारत होत्या. नंदानं पर्समधून कागद काढून सुनेचं नाव लिहून घेतलं. राजूर आलं, माणसं उतरली, नवी चढली, तरी दोघींचं बोलणं संपलं नव्हतं.